शेवटची नऊ मिनिटं

सत्तेचाळीस वेळा पाहिला.
आकडा पक्का आहे. पिको मशीनच्या फळीखाली
खडूच्या रेघा आहेत, हव्या तर मोजा.
सत्तेचाळीस म्हणजे आमच्याकडे मे महिन्याचा पारा.

पहिल्यांदा सीडीवर. बर्डीच्या फूटपाथवर लीलाधरनं
तीस रुपयांत दिली, म्हणे लहान पोरांचं कार्टून आहे, घेऊन जा.
घरी लावली तर पडद्यावर स्मशान.
बर्फ पडून राहिलेला, कावळ्यांना माणसांची नावं,
आणि काडीसारख्या बोटांची एक मुलगी
मेलेल्यांना त्यांच्या सावल्या शिवून देत होती.
खिडकीत कूलर, वाळ्याचा वास,
मला वाटलं, तिथलंच थंड इथवर येऊन राहिलं.

काळ्याच्याही जाती असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ओल्या दगडाचा काळा. विझल्या वातीचा.
धुऊन धुऊन जांभळ्यावर गेलेल्या तिच्या फ्रॉकचा.
दुसऱ्या दिवशी दुकानातली काळी रिळं
सगळी काढून उजेडात धरून बसले.
मामी म्हणाली, काहून वो, येड लागलं का?
लागलं होतं.

तरी भांडण आहे.
ती सुई चुकीची धरते. बोटात अंगुस्तान नाही.
एवढ्या सावल्या शिवल्या, धाग्याला एकदाही गाठ मारली नाही,
उसवणारच.
वटवाघळाचे विनोद मला कधीच आवडले नाहीत.
कांचन हेडाऊला आवडतात, म्हणून हसते.

आणि शेवट.
माझ्या सीडीवर ओरखडा होता.
मुलगी आईच्या दारापर्यंत पोचायची,
हातात सुई, दार बंद, बर्फ,
आणि चित्र तिथंच गोठायचं.
सहा वर्षं मला वाटत होतं, सिनेमा संपतो तो असाच.
केवढा धीट सिनेमा, मी सगळ्यांना सांगत फिरले.
दार उघडत नाही, म्हणायची, आणि ती उभी राहते.
आईला जाऊन तेव्हा माझ्याही दहा महिने झाले होते.

मग मॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लागला.
तिकीट दोनशे चाळीस. कांचन सोबत.
आणि दार उघडलं.

ढग फाटले, पिवळं ऊन पडलं,
मेलेले सगळे गुलाबी गालांचे होऊन गाऊ लागले,
आई परत, मुलीला नवा पांढरा फ्रॉक.
मी खुर्चीत बसून शिव्या दिल्या, मोठ्यानं, लोक वळले.
ऊन म्हणजे सुटका, हे ज्याला सुचलं
तो मे महिन्यात दुपारी दोनला
सेंट्रल अव्हेन्यूवर कधी उभा राहिला नसेल.
आम्ही सिग्नलच्या पन्नास पावलं आधी थांबतो,
खांबाच्या सावलीत, खांबाएवढे बारीक होऊन.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी मारबत निघते.
लोक तिला ओरडतात, तिच्या पायाला लेकरं लावतात,
आणि नेऊन जाळतात.
तिला कुणी शेवटी गोरी करत नाही.
पुढच्या वर्षी ती येते, काळीच येते.
एवढं तरी कळायला हवं होतं त्यांना.

पण परवा वंशला दाखवत होते, बहिणीच्या मुलाला.
त्याला भीती वाटली नाही, वटवाघळावर तो लोळून हसला.
नऊ मिनिटांपाशी मी बंद करायला उठले
तर म्हणाला, मावशी, थांब, मागे घे.
आई दारातून वळते तिथं, गालावर,
एका क्षणाच्याही आत,
मातीत कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा दिसतो.
रेषा रेषा मोजता येतील असा.

म्हणजे कुणीतरी त्या रात्री
तिचा गाल हातानं दाबून सरळ केला होता
आणि पुसायचं राहून गेलं.

तेवढ्यापुरता मी आता शेवट पाहते.
पुढचं ऊन अजूनही पटत नाही.
ठशापाशी थांबवते, बोट काचेवर ठेवते,
माझा अंगठा मोठा आहे, बसत नाही.
मग चालू करते, गाणं लागतं,
आणि मी सुईत काळा धागा ओवून
दातानं तोडते.