मागचं

पक्षी दाखवायला माझी गरज नाही.
जानेवारीत केर्किनीच्या तळ्यावर
पेलिकन आपणहून होडीला खेटतात,
गळ्याखालची झोळी पिकून नारिंगी झालेली,
डोळा बादलीतल्या मासळीवर.

मला पैसे मिळतात ते मागच्यासाठी.

पाहुणे अंधारात धक्क्यावर येतात,
तोफेएवढ्या भिंगांना मफलर गुंडाळून,
आणि पहिली दहा मिनिटं फुकट घालवतात.
पंख, चोच, डोळा, पंख.
पेलिकनच्या टाळूतून विजेचा खांब उगवलाय
हे एकालाही दिसत नाही.
मी वल्ह्याचा एक फटका मारते. खांब गेला.
आणखी अर्धा,
आणि पांढुरक्या आभाळाच्या जागी
बेलेस डोंगराची कूस येते,
जांभळट, अजून ऊन न लागलेली.
मगाचा मळकट पक्षी
आत्ता कुठे पांढरा होतो.
"तोरा!" ओरडते मी, म्हणजे "आता!"
एवढंच ग्रीक त्यांना पुरतं.

खाली वाका, सांगते. अजून खाली.
कोपर भिजलं तर भिजू दे.
उभ्याने काढलात तर मागे येईल
हे होडीजवळचं गढूळ पाणी.
आडवे झालात की पलीकडचा काठ येईल,
आणि लांबचं सगळं मऊ होतं.
लव्हाळ्याची एक उजळ काडी डोक्यामागे राहिली
की पक्ष्याला शिंग फुटलंच.
म्हशी पाण्यात बसल्या असतील तर नशीब तुमचं,
तसलं काळं मखमल
सालोनिकाच्या बाजारातसुद्धा मिळायचं नाही.

बाबांना यातलं काही पटायचं नाही.
"मागे बघून कुणी मासे धरलेत का?" म्हणायचे,
आणि मुद्दाम, हो, मुद्दामच,
सगळ्यांच्या चौकटीतून आपली होडी न्यायचे.
धक्क्यावरून पाच भाषांत शिव्या यायच्या.
ते टोपी काढून सगळ्यांना अभिवादन करायचे.

ते गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात
हेंद्रिका आली, दरवर्षीसारखी,
जुन्या फोटोंची चळत घेऊन.
"हा बघ," म्हणाली, "माझा सगळ्यात चांगला.
म्हणजे, झाला असता."
पेलिकन उतरतोय, पावलं पुढे ताणलेली,
पंखांचं शेवटचं पीससुद्धा मोजून घ्यावं.
आणि डाव्या पंखाखाली, लांब मागे,
नखाएवढा नारिंगी डाग.
कडा नाहीत. चेहरा नाही.
"झोळीच्या रंगाशी भांडतोय," ती म्हणाली,
"पुसून टाकते. दोन मिनिटांचं काम."

डाग उजवीकडे थोडा कलला होता.
जाळं ओढताना सगळा भार
उजव्या पायावर टाकायचे ते,
डावा गुडघा कामातून गेलेला.
रेनकोट अजून खुंटीवर आहे,
आई तो हलवू देत नाही.
स्वयंपाकघरातल्या कपाटात
लग्नाचा एक, ओळखपत्राचा एक, बाप्तिस्म्यात मला धरलेला एक,
तिन्हींत ते फोटो काढून घेताहेत.
काम करताना कुणी काढलाच नव्हता त्यांना.

मी म्हटलं, नको पुसूस.
ती काही विचारणार होती. मग तिने
फोटो पुन्हा उचलला, डोळ्यांजवळ नेला,
आणि पक्ष्याकडे न बघता
बराच वेळ बघत राहिली.

धंदा तोच आहे. अजूनही मागचं निवडते,
खांब काढते, जीप काढते,
प्लॅस्टिकचे निळे पिंप काढते.
फक्त बुडालेल्या झाडांपाशी,
तिसऱ्या खोडाच्या जरा अलीकडे,
वल्हं उगाच थांबतं.
पाहुणे कुरकुरतात,
इथे का? इथे तर मागे काहीच नाही.

मासळी उचलून पाण्यावर भिरकावते.
पंख उघडतात.
तोरा, म्हणते. तोरा.