गरम इंजिन

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे,
मेट्रोच्या खांबाची सावली जिथे संपते तिथे
ओम्नी बंद पडली.
चौकाचं नाव तरी बघायचं ना, मी तिला म्हटलं.

एकोणीस मे, दुपारचे अडीच.
रस्त्यावर माणूस नाही, फक्त दुपट्ट्यात गुंडाळलेले डोळे
स्कूटीवरून जाताना एकदा वळून बघणारे.
सीट उचलली. ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं,
ज्यांनी ती चालवली नाही त्यांना हे सांगावं लागतं.
चौदा वर्षं मी त्याच्यावर बसले आहे.
जानेवारीत बरं वाटायचं.
एप्रिलात मांड्या भाजायच्या, आणि मागे बारा पोरं,
डबे पायाखाली, हात खिडकीबाहेर,
मानकापूरच्या पुलावर कुणीतरी उलटी करायचंच.

क्रेनवाला फोनवर म्हणाला, अठराशे.
मग कुठे उभे आहात ते विचारलं, ऊन आठवलं असावं,
म्हणाला, तेवीसशे.
पेट्रोलच्या पावतीमागे हिशेब मांडला:
गॅस्केट, हेड, रेडिएटर, सोळा हजार, तेवढ्यावर भागलं तर.
कामठीचा भंगारवाला तीस देतो, बॅटरीसकट.
नवी घेतली तर महिन्याला अकरा हजार तीनशे, सात वर्षं,
म्हणजे हप्ते फिटतील तेव्हा मी बासष्टची.
तो आकडा खोडला.
बाकीचे राहू दिले.

यशोधरा आली कुरिअरची पिकअप घेऊन,
साहेबाला न सांगता.
उतरायच्या आधीच सुरू:
"मम्मी, काहून जीव लावून राहिली या डब्याले?
नोव्हेंबरात पासिंग संपते.
शाळेवाले जीपीएस मागून राहिले ते वेगळंच."
सगळं खरं.
एवढं खरं बोलणाऱ्या पोरीला
दोर कुठे बांधायचा ते मात्र ठाऊक नव्हतं.
मी वाकून हुक दाखवला.
डांबर चपलेला चिकटत होतं.

दोन गाड्यांत दोर असला की
मागच्याचं काम अवघड.
पुढच्याने फक्त जायचं.
मागच्याने बंद गाडीत बसून
दोर ढिला पडू द्यायचा नाही, झटका बसू द्यायचा नाही,
पुढचे लाल दिवे लागायच्या आत ब्रेक दाबायचा.
तिला हे सगळं समजावलं. तिने मान हलवली,
आणि नारी रोडच्या सिग्नलला अशी थांबली
की मी थोडक्यात तिच्या डाल्यात गेले नाही.
इंदोरा चौकात हॉर्न. कडबी चौकात शिव्या.
इतकी वर्षं पुढे मीच असायची,
तिच्या शाळेला, ट्यूशनला,
एकदा रात्री दोन वाजता मेडिकलला, हीच गाडी,
मागच्या सीटवर ती, तापाने फणफणलेली,
मी आरशात सारखी बघत होते.
आज आरशात तिचे डोळे होते.

गड्डीगोदामात इद्रिसभाई खाटेवर आडवे.
उठले, सीटखाली हात नेला
आणि लगेच काढून घेतला.
"गरम इंजिन नाही उघडत बाई. हेड वाकते.
थंडं होऊ द्या. मग ठरवा,
बनवायची का इकायची."
थंडं. नागपुरात. मे महिन्यात.
ते हसले. यशो हसली.
मी खोडलेल्या आकड्याची पावती
घडी करून पर्समध्ये ठेवली.

पर्स गाडीतच विसरली, असं सांगून
रात्री अकराला पुन्हा गेलो, तिच्या स्कूटीवर.
शटर बंद. ओम्नी नालीच्या कडेला,
एक चाक विटेवर.
कुलूप तिला कधी लागतच नाही.
सीट उचलली, इंजिनवर तळहात ठेवला,
बराच वेळ.
कोमट होतं. की हवाच तशी होती.
"झालं का थंडं?" यशोने स्कूटीवरूनच विचारलं.

अजून नाही, म्हटलं.