दोन खाचा

खुर्ची मागं कलायला लागली तसा मी म्हणालो,
"थांबा बाई, आधी हिचं तोंड बघा,"
आणि फडक्यात गुंडाळलेला काळा माउथपीस
डॉक्टर टिळेकरांच्या हातमोज्यावर ठेवला.

त्यांनी तो दिव्याखाली धरला.
वरच्या अंगाला दोन खाचा.
डावी जरा खोल.
"तुमच्या दातांनी झाल्या?"
नाही. तात्यांच्या.
मी नंतर राहायला आलो.

तात्यांनी सदतीस लग्नसराया वाजवल्या,
मे महिन्यात, लक्ष्मी रोडवर,
जरीच्या लाल कोटात,
घोड्यापुढं उलटं चालत.
त्यांचा पुढचा एक दात दुसऱ्यापेक्षा लांब होता.
माझे दोन्ही सरळ.
बाराव्या वर्षी क्लॅरिनेट पहिल्यांदा तोंडाला लावली
तर सूर नाहीच, नुसतं बदक ओरडलं.
तात्या म्हणाले, जबडा डावीकडं घे.
अजून.
हां. आता तिथंच बस.

बसलोय.

नाना पेठेत सगळे म्हणतात,
अवघड्यांचं पोर थेट बापावर गेलंय,
तीच तिरकी हनुवटी, तेच एका गालानं हसणं.
मी बापावर नाही गेलो.
या खाचांवर गेलो.

डिसेंबरात लाकूड गार पडतं, सूर उतरतो,
म्हणून स्कूटरवर तिला बनियनच्या आत घेतो,
काखेत, कोंबडीच्या पिलासारखी.
सुमन एकदा म्हणाली,
माझे पाय कधी असे ऊबवलेत का?
खरं होतं ते.
त्या रात्री ऊबवले.
माझ्या उशीखाली कोण होतं
ते सांगितलं नाही.
तिला ठाऊक असणार.

"डावा दात जाणार," बाई म्हणाल्या,
"नवीन बसवू, शेजारच्यासारखाच, छान एका रेषेत."
रेषेत नको, मी म्हणालो.
लांब करा जरा. या खाचेच्या मापानं.
त्या माझ्याकडं बघत राहिल्या,
मग मेण गरम करायला घेतलं
आणि माप घेतलं, आधी तिचं,
मग माझं.

तीन आठवडे ती खोक्यात.
तीन आठवडे मी पत्ती नुसती जिभेवर ठेवून
चहा गार होऊ द्यायचो.

दात बसला त्या दिवशी
घरी जाईपर्यंत धीर निघाला नाही.
दवाखान्याच्या बाकावरच जोडली तिला.
समोर गाल धरून एक मुलगा मुसमुसत होता.
मी फुंकलं.

बदक.

मुलगा रडायचा थांबला.
त्याची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली.
जबडा डावीकडं घे, मी म्हणालो,
कुणाला ते कळलं नाही.
अजून.
अजून जरा.