पहिला मजला, मेनरोड

जिना तोच आहे.
अकरावी पायरी अजून डावीकडे कललेली,
फक्त आता तिच्या कडेला पितळी पट्टी ठोकलीय
आणि एक पाटी: सांभाळून उतरा.
चढताना काय करायचं ते कुणी लिहिलेलं नाही.

मृण्मयी म्हणाली, मावशी, आत एकदम लंडन आहे.
मी लंडन पाहिलेलं नाही.
पण तिथे भरदुपारी एवढा काळोख असेल
तर तिथल्या बायका तांदूळ कशा निवडत असतील?

दगडी भिंत खरवडून उघडी केलीय.
आमच्या वेळी तिच्यावर पिवळा डिस्टेंपर होता
आणि पाठ टेकली की परकराला लागायचा.
काउंटर आहे तिथे गायधनी सरांचं टेबल.
बिअरच्या नळांना चिनीमातीच्या मुठी आहेत,
तिथेच कुठेतरी सरांचं स्टॉपवॉच असायचं.
मिनिटाला तीस शब्द.
चुकलं तर छडी नाही, ओरडणं नाही,
नुसतं "हं".
त्या "हं"ला अख्खी बॅच घाबरायची,
तसनीम बोहरी सोडून.
ती चाळीसला पोचली होती
आणि उरलेल्या वेळात खिडकीत उभी राहून
मागच्या आळीतल्या तांबटांचे ठोके मोजायची.
बघ, म्हणायची, ते पण टायपिंगच करतायत.

काळ्या एप्रनमधला मुलगा आला. समाधान गांगुर्डे, छातीवर नाव.
अर्धा पाइंट की पूर्ण?
अर्धा, म्हटलं.
सोबत वाटीत "लंडन मिक्स" आलं.
चिवडा होता. आपलाच. कांदा-लिंबू वगळून.
बिअर कडू लागली,
मग चिवड्यानंतर जरा बरी.

तेव्हा वर नजर गेली.
फळीवर, लाल टेलिफोनशेजारी,
कातडी बांधणीच्या खोट्या पुस्तकांना टेकून
टाइपरायटर.
अँटिक आहे, मृण्मयी म्हणाली, इंग्लंडहून आणलं असेल.
मालकालाही तसंच वाटत असणार.
मला खालूनसुद्धा दिसत होतं:
कळांवर काने, मात्रे, रफार.

समाधानने स्टुलावर चढून उतरवून दिलं.
ळची कळ अर्धी तुटलेली.
म्हणजे तीन नंबर, खिडकीजवळचं.
माझं नाही. तसनीमचं.

बोटं ठेवली.
अनुस्वार अजून डाव्या करंगळीच्याच वाट्याला.
पस्तीस वर्षं जिल्हा कोर्टात मी लोकांची भांडणं टाइप केली,
सदर इसम, उपरोक्त मिळकत, येणेप्रमाणे जबाब.
स्वतःची पत्रं मात्र हातानेच लिहिली,
तीही थोडकी.

कोस्टर जाड, रुळात जाईना.
मृण्मयीने पर्समधून पेट्रोलपंपाची पावती दिली, पाठकोरी.
ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर.
हे मी विसरले होते, बोट विसरलं नव्हतं.
खट्. खट्.
रिबन केव्हाच सुकलेली, कागद कोराच.
शेजारच्या पोरांनी मोबाइल वर धरले,
थोड्या वेळाने खाली ठेवले.

ओळीच्या शेवटी घंटी वाजली.
एवढीशीच.
पण तिकडे घंटा वाजली की शेवटची ऑर्डर, अशी रीत आहे म्हणे;
कोपऱ्यातल्या एका काकांनी
दचकून ग्लास एका दमात संपवला.

पावती दिव्याखाली तिरपी धरली
तेव्हा अक्षरांचे खळगे दिसले.
ळच्या जागी एक अर्धाच ओरखडा.
मृण्मयी त्यावरून बोट फिरवत वाचू लागली,
अडली,
पुन्हा सुरुवातीपासून.
काय लिहिलंयस?
काही नाही गं, वेग बघत होते.
मग, किती आला?
बारा.
ती काही बोलेना, म्हणून मीच म्हटलं,
हं.