आत ठीक आहे

पुंता अरेनासला जूनमध्ये सूर्य दहाला उगवतो
आणि जेवण उरकेपर्यंत जायची घाई करतो.
त्या अंधारात, साडेआठला,
एदेल्मिरा बार्रियांनी बॅटरी काउंटरवर आदळली.
सतरा किलो, लेकरासारखी पोटाशी धरून आणलेली.
मागे वारा दार लावू देईना.

"दगड झालीय," त्या म्हणाल्या.
"पहाटे किल्ली फिरवली तर नुसतं टिक्, टिक्.
दोनशे पाव गाडीत गार पडले,
इस्पितळातल्या लोकांनी बिस्किटं खाल्ली."

रात्रभर चार्जरवर ठेवली.
सकाळी चिमटे लावले, आधी लाल, मग काळा.
यंत्र म्हणालं: बॅटरी ठीक आहे.
"इथे ठीक आहे," त्या म्हणाल्या,
"इथे मीसुद्धा ठीक असते.
तुमचा हीटर चालू आहे."

मग पावती निघाली,
गाडीच्या सन-व्हायझरमागे दीड वर्ष उन्हात बसलेली.
कोरी. एका कोपऱ्यात फिकट सात,
तोही कदाचित एक असेल.
मी बॅटरीवरचा शिक्का वाचला:
कारखान्यातून निघून वीस महिने झाले.
हमी अठराची.
नियमावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.
एवढ्या वर्षांत बोटाला सवय झाली आहे.

"कारखान्यातून निघाली असेल," त्या म्हणाल्या,
"माझ्या गाडीत फेब्रुवारीत बसली.
तुमच्या अंगठ्याला पट्टी होती.
म्हणालात, बाई, आज मला आवळता येत नाही,
पाना घ्या, तुम्हीच आवळा.
मी आवळली. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. अंगठ्याला आठवत होतं.
नखाखाली पांढरी रेघ, तिरकी,
थंडीत जरा ठणकते.
अपघातांची वही काढली, पानं उलटली:
चार फेब्रुवारी, उजवा अंगठा, तीन टाके, पत्रा.
खाली माझीच सही, डाव्या हाताची,
शाळेतल्या पोरासारखी.

सोळा महिने. मी बोट काढून घेतलं.

त्या रात्री बॅटरी मागच्या ओट्यावर ठेवली,
नियमात नव्हतं तरी.
पहाटे टॉर्च तोंडात धरून चिमटे लावले.
जोर मागितला तशी तिने मान टाकली,
आकडा जिन्यावरून चेंडू उतरावा तसा:
अकरा, साडेदहा, नऊ.
मला आनंद झाला. मेलेलं बघून
इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

फॉर्म भरला. वहीच्या पानाची प्रत जोडली.
"तपासणीचे ठिकाण" या रकान्यात लिहिलं: बाहेर.

सांतियागोहून उत्तर यायला पाच आठवडे लागले.
जखम हा खरेदीचा पुरावा धरता येत नाही.
तसेच, तपासणी पंचवीस अंश तापमानात करावी.
मी पत्र दोनदा वाचलं.
पंचवीस अंश मी इथे फक्त
ओव्हनच्या दारापाशी बघितले आहेत.

पत्र त्यांच्या हातात देताना
बोलायचं ठरवलेलं सगळं घशात राहिलं.
त्यांनी वाचलं, चार घड्या घातल्या,
आणि बाहेर जाऊन व्हायझरमागे खोचलं.
तिथे तेही पांढरं होईल.

गाडीत नवी बॅटरी होती,
समोरच्या दुकानातली, दुसऱ्या कंपनीची.
बॉनेट वर करून त्या थांबल्या, पाना पुढे केला.
"त्या पोराने सैल बसवलीय," म्हणाल्या.
"अंगठा बरा आहे ना आता?"

बरा होता.
मी आवळली.