पेव

हरिपुरात हळद जमिनीखाली झोपायची.
वरून बघाल तर नुसतं मैदान,
फरशी, फरशीवर माती, मातीवर चरणाऱ्या शेळ्या.
खाली वीस हात अंधार,
शेणानं सारवलेला, उसाचं पाचट अंथरलेला,
आणि त्यात कुणाच्या पोरीचं लग्न,
कुणाच्या घराचा स्लॅब,
पोत्यांच्या हिशेबात.

भरमूआण्णा पेव उघडायचे.
फरशी सरकवली की काठावर
पाच-सहा तास नुसते बसून, तंबाखू मळत.
आधी पेवाला श्वास घेऊ द्यायचा.
मग दोरीला कंदील.
कंदील विझला तर माणूस उतरत नाही.
एवढंच शास्त्र. त्याच्यावर
ते चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले.

त्यांच्या बहिणीचा नातू प्रज्योत
ऐरोलीला असतो, डेटा सेंटरवर, रात्रपाळीला.
मे महिन्यात आला. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं
आणि ह्याच्या बॅगेत जाडजूड जॅकेट.

काय साठवता रं तिथं?
सगळंच, म्हणाला.
तुमच्या ग्रुपवरचं सुप्रभात,
बँकेची खाती, छातीचे एक्स-रे,
एकदा काढून परत कुणीच न बघितलेली
आमरसाची ताटं.
किती दिवस ठेवता?
कायम.

आण्णांनी तंबाखू थुंकली.
पेव रिकामं करावं लागतं बाबा.
झाडावं, सारवावं, ऊन दाखवावं.
आमचं रिकामं होत नाही आण्णा,
भरलं की शेजारी दुसरं बांधतात.
म्हंजे पेव फुटलंय म्हण की!
स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

आन् हवा?
आग लागली तर आत वायू सोडतात.
भोंगा वाजला की काही सेकंदांत बाहेर पडायचं,
दार मागं बंद होतं.
बघ. पेवच हाय.

आन् पाणी?
लागतं. यंत्रं तापतात, थंड ठेवावी लागतात.
छतावरून वाफ होऊन जातं ते.
कुठं जातं?
प्रज्योतला हे कुणी विचारलं नव्हतं.
त्यानं वर बोट केलं.
वर एकही ढग नव्हता.

आण्णा संगमाकडं बघत राहिले.
वारणा तिथं कृष्णेत शिरते
आणि पाचच्या महापुरात दोघी मिळून
गावात शिरल्या होत्या.
आमच्या पेवात पाणी घुसलं, म्हणाले,
हळद कुजली, गावभर वास.
तुमच्या पेवाला पाणी पाजावं लागतंय.
ह्यात शहाणं कोण, ते मला विचारू नगंस.

मग उठले. पोराला दाखवायला म्हणून
परसातलं एक जुनं पेव उघडलं,
रिकामं, निम्मं ढासळलेलं,
आणि कंदील सोडला.
मी फोन धरला होता.

नऊ सेकंद.
चार ग्रुपवर पाठवला मी तो व्हिडिओ.
पौषात आण्णा गेले तेव्हा लोकांनी
तोच परत मला पाठवला, हात जोडून, फुलं लावून.
एक कंदील. आता किती अंधारांत
दोरीला लोंबतोय, कुणास ठाऊक.

काल फोन म्हणाला, जागा संपली.
बसले पुसायला. सुप्रभात पुसलं,
लोकांची बारशी पुसली,
गॅसच्या पावत्या, एक अख्खं महाबळेश्वर.
हा आला आणि अंगठा थांबला.
माहीत आहे मला,
हा जपायला कुठंतरी पंखे गरगरतात,
कुठंतरी कोळसा जळतो,
कुणाच्या तरी घागरीतलं
घोटभर वर जातं.
आण्णा असते तर म्हणाले असते,
पूस की गं, मी काय हळद हाय व्हय?

महिन्याच्या पैशांवर जागा मिळते थोडी जास्त.
घेतली.

व्हिडिओत दोरी सरसरत जाते,
आण्णांचा हात, मनगटावरचा काळा गोफ,
आठव्या सेकंदाला ज्योत बारीक होते.
पुढं विझली की राहिली, दिसत नाही.
मी तिथंच बटण दाबलं होतं.