एक वीत

घर टायवी नदीच्या उतारावर.
ओळंबा सोडला की भिंत त्याच्याकडे पाठ फिरवते,
गुण्या लावला की कोपरा नव्वद अंशांना
"बघू नंतर" म्हणतो.
पावणेदोनशे वर्षांची दगडी भिंत,
तिला कोण सरळ करणार?
कपाटच मागून थोडं वाकडं तासायचं,
म्हणजे पुढून सरळ दिसतं.
चाळीस वर्षं वेल्समधल्या घरांनी
मला एवढंच शिकवलंय.

नेरिस ठेंगणी.
गेथिन प्रत्येक दारातून मान लववून येणारा.
पहिल्या दिवशी दोघांना भिंतीशी उभं केलं,
कोपरातून हात दुमडा म्हटलं,
आणि कोपराखाली एक वीत सोडून
पेन्सिलीनं रेघ मारली.
तिची अठ्ठ्याहत्तरवर.
त्याची अठ्ठ्याण्णववर.
मध्ये पुन्हा एक वीत.

"मधलं काहीतरी धरा," गेथिन म्हणाला.
मधलं धरलं की दोघांचीही पाठ जाते,
हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.
म्हणून ओटा दोन पायऱ्यांचा केला.
खालच्या पायरीवर ती चिरणार, लाटणार,
वरच्या पायरीवर तो
शनिवारचा पाव मळणार.
भांडी धुण्याचं यंत्र तिच्या बाजूला मावेना,
ते मुकाट्यानं त्याच्याखाली गेलं.
"कळलं ना आता, भांडी कुणी घासायची?" नेरिस म्हणाली.
त्या दिवशी ती हसताना फार सुंदर दिसली,
ते सुताराच्या हिशेबात येत नाही.

मॅक्सेन तेव्हा सात वर्षांचा.
त्याला दोन्ही पायऱ्या सारख्याच उंच.
तळाच्या पट्टीत त्याच्यासाठी एक खण केला,
बाहेर ओढायचा, वर चढायचं,
आणि बाबाच्या पिठात बोट घालायचं.

टेबलावर मात्र भांडण झालं.
खुर्च्या की बाक, यावर तीन आठवडे.
गेथिनच्या आईनं फोनवरून
गोल टेबलाचा आग्रह धरला,
तिला कुणी विचारलंही नव्हतं.
शेवटी खिडकीखाली ॲशचा बाक बसवला,
डिसेंबरात दुपारी तासभर
ऊन फक्त तिथंच येतं.
सांध्यांना खिळा नाही.
तो बाक माझ्याही पश्चात राहील.

सहा वर्षांनी फोन आला. बिजागरी कुरकुरते.

दाराशी गेथिनचे बूट नव्हते.
अशा गोष्टी विचारायच्या नसतात,
सुतार खाली बघतो
आणि बूट मोजतो.
पायरीच्या खणात आता
कुत्र्याचं ताटली-भांडं.
वरच्या ओट्यावर पत्रांचा गठ्ठा,
मेलेली बॅटरी,
कधीचा तरी एक आवळलेला संत्रा.

"हे खाली आणता येईल?" नेरिसनं विचारलं.
"सगळं माझ्या उंचीला."
स्लेटचा पाट उचलावा लागेल, म्हटलं,
तुटला तर तुटला.
खालचे सांगाडे कापावे लागतील.
आणि ते भांड्यांचं यंत्र,
त्याला मग जागा उरणार नाही.
"ते जाऊ दे," ती म्हणाली.
"एका माणसाच्या कपबशा होतात तरी किती?"

दोन माणसं, मी मनात दुरुस्ती केली.

तेवढ्यात दार आपटलं.
दप्तर बाकावर,
बूट एक इथं, दुसरा कुत्र्याच्या तोंडात,
आणि मॅक्सेन सरळ वरच्या ओट्याशी.
पत्रं कोपरानंच बाजूला सारली,
पावाचा जाडजूड तुकडा कापला,
आणि उभ्या उभ्या खाऊ लागला,
फोनकडे बघत, आमच्याकडे न बघता.
मी त्याच्या कोपराकडे पाहिलं.
कोपराखाली वीत नव्हती अजून.
असतील पाच-सहा बोटं.

नेरिसही तिकडेच बघत होती.
मग तिनं नळ सोडला,
उगाचच.

"किती होईल खर्च?" पाठमोरीच म्हणाली.
मी टेप मिटला.
"कळवतो."

अजून कळवलं नाही.
बिलात लिहिलं: बिजागरी, एक.
चहा नको म्हटलं होतं,
तरी पाजला तिनं, दोनदा.